‘पाच मिनिटांत’ निघणाऱ्या हाउसबोटीबद्दल खुलं पत्र

मा. संचालक,
आमची केरळ सहल काढणारी कंपनी;
तसंच हाउसबोटीचा मुक्काम विकणारे इतर मराठी सहल आयोजक यांस

विषय : बोटीला झालेला उशीर आणि त्याचं कुणाच्या तरी डोक्यावर फोडलेलं खापर.
संदर्भ : आपला सहलीच्या गटावरचा व्हॉट्सॲप संदेश.

स. न. वि. वि.

कंपनीचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. तुम्ही वाचलंत की तुम्हाला कळेलच, आणि इतर आयोजकांना आपल्याबद्दल लिहिलंय असं वाटलं, तर तेही बरंच आहे.

सहलीहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी तुमचा संदेश आला. ‘स्थानिक बोटचालकाच्या हलगर्जीपणामुळे अनपेक्षित विलंब झाला. सदर चालकावर कारवाई करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. प्रत्येक प्रवाशास पुढील सहलीसाठी ५०० रुपयांचं कूपन.’ खाली भराभर अंगठे उमटले. त्यात एक माझाही होता. वाचायच्या आधी अंगठा द्यायची खोड आपल्या सगळ्यांनाच लागली आहे, त्यातला प्रकार.

आठवड्यानं पोस्टानं एक लहानसं खोकं आलं. बिस्किटांच्या पुड्यांचं खोकं, आत मल्याळी वर्तमानपत्राचे बोळे आणि त्यात माझ्या आईचा चष्मा. बोटीवर राहिला होता. पाठवणारा तोच ‘सदर चालक’. आभार मानायला फोन केला तेव्हा त्याच्या पुतण्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं की काकाची दोन दिवसांची मजुरी कापली, आणि त्याला बोटीवर ठेवलंत तर आमची बुकिंगं मिळणार नाहीत असं तुमच्या ऑफिसातून बोटमालकाला बजावलं. ऐन हंगामात माणूस घरी बसलाय. त्या बोटीवर मी होतो, घड्याळ माझ्या मनगटावर होतं आणि घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

माझ्याबद्दल एवढंच, की एसटीत ३३ वर्षं काढली आणि त्यातली शेवटची १४ कोकणातल्या एका आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. उशीर हाच माझा धंदा होता म्हणा ना. घाटात दरड, पंक्चर, चालक आलाच नाही, वाहकाच्या घरी मयत, असा शेकडो तऱ्हांचा उशीर मी नोंदवला आहे. त्यामुळे बोटीला उशीर का झाला म्हणून मी भांडायला आलो नाही. तुम्हाला ठाऊक असलेला उशीर तुम्ही ‘अनपेक्षित’ म्हणून आमच्या गळ्यात मारलात आणि मग त्याला एक गरीब आरोपी शोधलात. भांडण आहे ते यावरून.

आता क्रमानं सांगतो.

तुमच्या पत्रकात ‘दुपारी १२ वाजता बोटीवर आगमन, १ वाजता पारंपरिक भोजन’ असं आहे. आम्ही पावणेबाराला अलेप्पीत पुन्नमडाच्या धक्क्यावर हजर. नेहरू ट्रॉफीच्या होड्यांच्या शर्यती जिथे संपतात ती ही जागा. तिला नावच ‘फिनिशिंग पॉइंट’ पडलं आहे. आम्ही मात्र तिथून सुरूच होईनात. सव्वाबाराला तुमच्या सहल व्यवस्थापकानं ऑफिसला फोन लावला. साताऱ्याकडचा पोरगा, गुणी. उत्तर आलं, ‘पाच मिनिटांत बोट लागतेय.’

माझी आई ८१ वर्षांची आहे आणि जेवणाआधी इन्सुलिन घेते. हे तुमच्या फॉर्ममध्ये ‘आरोग्यविषयक माहिती’च्या रकान्यात मी स्वतः लिहून दिलं होतं. पाच मिनिटांत बोट आणि एकला जेवण, या हिशेबानं साडेबाराला तिला सुई दिली. ताट समोर आल्याशिवाय द्यायला नको होती, ही चूक माझी, कबूल. एक वीसला तिला दरदरून घाम फुटला, शब्द जड झाले, माझा हात धरून ती मला माझ्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारू लागली. धक्क्यावरच्या चहाच्या टपरीतल्या बाईंना भाषा कळली नाही, पण त्यांना प्रकार कळला. मूठभर साखर, पाणी आणि मागाहून केळ्याची गरम भजी. पैसे घेतले नाहीत. पाव तासानं आईनं मला माझ्या नावानं हाक मारली तेव्हा मी खाली बसलो.

बोट लागली तीन वाजून दहा मिनिटांनी. त्या मधल्या वेळात ‘पाच मिनिटांत’ हे उत्तर आम्हाला सहा वेळा मिळालं.

हे वाक्य मी स्वतः हजारदा बोललो आहे, म्हणून त्याची किंमत मला माहीत आहे. खिडकीपुढची गर्दी हटावी म्हणून ते बोलायचं असतं. २६ जुलै २००५ च्या रात्री मात्र मी ते बोललो नाही. बाकावर उभं राहून सांगितलं, सकाळपर्यंत एकही गाडी सुटणार नाही, कँटीनमध्ये पिठलं-भात टाकलाय, लेकुरवाळ्या बायांनी विश्रांतिकक्षात जावं. एकानंही आवाज चढवला नाही. लोकांना गाडी नाही हे चालतं. गाडी आहे की नाही हेच कळू न देणं चालत नाही.

तीन तास बोट का आली नाही? आदल्या रात्रीचे पाहुणे घेऊन ती सकाळी कालव्यात अडकली होती. हे तुमच्या ऑफिसला सकाळी दहालाच कळलं होतं. तुमचा व्यवस्थापकच नंतर जेवताना म्हणाला. तेवढं आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही हॉटेलात जेवून निघालो असतो.

आता बोट अडकते कशात, ते. तिकडे त्याला ‘पोळा’ म्हणतात. बैलांचा नव्हे. जलपर्णी. पुणेकरांना मुळा-मुठेत दिसते आणि सोलापूरकरांना उजनीत, तीच. अलेप्पीच्या आसपासच्या कुट्टनाडात भातशेती समुद्रसपाटीच्या खाली होते. या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ साली जागतिक कृषी वारसा म्हणून मान दिला, हे तुमच्या पत्रकात रंगीत अक्षरांत आहे. त्याच शेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारं साधारण डिसेंबरच्या मध्यापासून उन्हाळा लागेपर्यंत बंद ठेवतात, हे मात्र नाही. दारं बंद झाली की वेंबनाड सरोवराच्या दक्षिण अंगाचं पाणी गोडं होतं आणि तुंबतं. जलपर्णी मिठानं मरते. गोड्या, संथ पाण्यात ती वाढतच जाते. पुंजा नावाच्या भातपिकासाठी शेतकरी खाचरं साफ करतात, तेव्हा आतला पोळाही कालव्यांत येतो. पुढे वारा नेईल तिकडे. मासेमारांची या बंधाऱ्याबद्दल वेगळी तक्रार आहे, शेतकऱ्यांची वेगळी बाजू आहे. त्या भांडणात मी पडत नाही. मला एवढंच दिसतं, की ऐन पर्यटनाच्या दिवसांत हे होणार, दरवर्षी होणार, आणि धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. ‘अनपेक्षित’ ते फक्त तुमच्या संदेशात.

आईचं माहेर वाशिष्ठीच्या खाडीकाठी. तिच्या लहानपणी मचव्यानं जायचं म्हणजे भरतीची वाट बघायची. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घड्याळ नसलेल्या बायका हा हिशेब पोळ्या लाटताना तोंडी करायच्या. बोटीवर तिनं मला विचारलं, “ह्या कंपनीत कुणाला तिथी बघता येत नाही काय रे?”

तर, बोट हलली. तीन पंचवीसला जेवणासाठी परत थांबली, कारण चालू बोटीत वाढता येत नाही; तेही रास्त. चारला निघालो आणि पाच मिनिटांत पंख्यात पोळा गुंतला. मदतनीस पोऱ्यानं लुंगी खोचली, कोयता घेतला आणि पाण्यात उतरला. दम धरून खाली जायचा, वर यायचा, हातात काळ्या झिपऱ्यांसारखी मुळं आणि त्यात अडकलेला नायलॉनच्या पोत्याचा तुकडा. पंचेचाळीस मिनिटं हे चाललं. वर डेकवर आमच्यातले काही जण मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करत होते. तुमच्या कंपनीनं नंतर तेच चित्रीकरण ‘साहसी क्षण’ म्हणून टाकलं, हा आणखी एक विनोद.

आणि मग सव्वापाच वाजले. संदेशात ज्याला तुम्ही हलगर्जीपणा म्हणता तो हा प्रसंग आहे, म्हणून नीट वाचा.

तिकडे बोट हाकणाऱ्याला ‘स्रांक’ म्हणतात. आपल्या कोकणातला ‘सारंग’ तो हाच. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. तुमच्या ऑफिसातून फोन आला. व्यवस्थापकानं तो स्पीकरवर घेतला, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकला. ‘पत्रकात सूर्यास्त दर्शन आहे, लोक बोंबलतील, त्याला म्हणावं अर्धा तास अंधारात चालव, काय होतंय.’ व्यवस्थापकानं हिंदीत सांगितलं. स्रांकनं सुकाणू सोडलं नाही, फक्त हनुवटीनं पाण्याकडे दाखवलं. दोन होड्या जाळी सोडत निघाल्या होत्या, मागे जाळ्यांना बांधलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. म्हणाला, “साब, अभी जाल का टाइम. आदमी छोटा बोट में, लाइट नहीं. हम नहीं जाएगा.”

हाउसबोटी साडेपाचच्या सुमारास का बांधतात याचं कारण त्या बाटल्या आहेत. रात्रीचं पाणी मासेमारांचं. ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला एक करमणुकीची बोट ठरलेली वेळ टळून गेल्यावर, भरमसाट माणसं घेऊन निघाली आणि उलटली. २२ जीव गेले, त्यात कितीतरी लहान मुलं. केरळातल्या कुठल्याही बोटवाल्यापुढे तानूर म्हणा आणि त्याचा चेहरा बघा. अशा माणसाला तुमचं ऑफिस शेकडो मैलांवरून ‘काय होतंय’ म्हणून विचारत होतं. माझ्या आगारात चालकानं ब्रेक धरत नाहीत म्हणून गाडी काढायला नकार दिला, तर मी त्याच्या लॉगशीटवर सही करायचो. त्याचा पगार कापायचा विचार माझ्या वरिष्ठांपैकी अगदी खडूस माणसाच्याही डोक्यात आला नसता.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. स्रांक म्हणाला, बोट मोठ्या नदीच्या काठाला बांधू, वारा फिरला तर आतला कालवा सकाळी पोळ्यानं भरेल. तुमच्या ऑफिसनं ऐकलं नाही. बोट आतच, एका मसाज केंद्राच्या धक्क्याला बांधायची, कारण तिथे ‘आपलं ठरलेलं’ आहे. काय ठरलेलं, ते मी विचारत नाही. संध्याकाळी सात ते नऊ आम्हाला तिथे तेल आणि मसाले विकायचा जो प्रयत्न झाला त्यावरून ज्यानं त्यानं ओळखावं. यात जिवाला धोका नव्हता, म्हणून स्रांकनं ते निमूट मानलं.

सकाळी उठून पाहतो तर कालवा या काठापासून त्या काठापर्यंत हिरवागार. पाणी दिसेना. त्या हिरव्यावरून एक बगळा आरामात चालत पलीकडे गेला. आठ पाचला निघालो, आठ वीसला अडकलो. तिघे जण बांबूंनी पोळा रेटत होते. एक हात सरकायचा आणि मागून पुन्हा मिटायचा. कालव्याच्या तोंडाशी मोठी नदी दिसत होती. तिच्यातून राज्य सरकारची प्रवासी बोट गेली, शाळेच्या पोरांनी भरलेली, आपल्या वेळेला. पाण्यातल्या एसटीला मी मनोमन सलाम केला. आपण रात्री तिथे, त्या नदीत बांधलेले असतो तर, हे गणित डेकवरच्या प्रत्येकाच्या डोक्यात झालं असावं, कारण कुणी काही बोललं नाही.

दहा पन्नासला सुटलो, अकरा पस्तीसला धक्क्यावर. गटातले बहुतेक जण संध्याकाळी कोचीहून विमानानं जाणार होते, त्यांचं निभावलं. आम्ही चौघं कोकणातले. दुपारची नेत्रावती एक्स्प्रेस अलेप्पीहूनच पकडायची होती. नेत्रावती त्या दिवशी नेमकी वेळेवर. आम्ही जिन्यावर, गाडी गेलेली. एक रात्र लॉजवर, दुसऱ्या दिवशीची तत्काळ तिकिटं, आईची औषधं संपल्याची धावाधाव. तुमच्या ऑफिसनं तेव्हा फोनवर सांगितलं, ‘बोट सोडल्यावर आमची जबाबदारी संपते.’

वेळेचा हिशेब मी सवयीनं मांडला आहे. १२ ते ९ म्हणजे २१ तासांचा ‘जलविहार’ तुम्ही विकलात. पहिल्या दिवशी बोट प्रत्यक्ष चालली ५५ मिनिटं. सगळं सुरळीत झालं असतं तरी जेवण आणि रात्र वगळून पाच-साडेपाच तासच चालली असती, आणि एसी रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच मिळाला असता. ही तिथली सर्वसाधारण पद्धत आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग तुमच्या पत्रकात ती का नाही?

माझ्या मागण्या अशा :

पहिली आणि बाकी सगळ्यांच्या आधीची. स्रांकबद्दलचा संदेश त्याच गटावर, त्याच ठळक अक्षरांत मागे घ्या. त्याची आणि बोटीवरच्या दोघांची कापलेली मजुरी द्या, आणि त्याला कामावर घ्यायला आपली हरकत नाही हे बोटमालकाला लेखी कळवा. हे होईपर्यंत बाकी मागण्यांवर माझ्याशी बोलायलाही येऊ नका. आणि या पत्रावरून त्या साताऱ्याच्या पोरावर राग काढू नका. त्यानं निरोप पोचवण्यापलीकडे काही केलं नाही, आणि आईजवळ तो रात्री दोनदा येऊन बसला.

दुसरी मागणी कागदाची. पत्रकात छापा की बोट साडेपाचला बांधतात, का बांधतात, एसी किती वाजता, जेवायला कुठे थांबते, कुठल्या महिन्यांत पोळा असतो आणि त्यानं दोन-तीन तास इकडेतिकडे होऊ शकतात. गिऱ्हाईक पळेल अशी भीती असेल तर सांगतो, कोकणातला माणूस पावसाळ्यात घाटानं जाताना हेच धरून चालतो आणि तरी जातो.

तिसरी : बोट सोडण्याच्या दिवशी दुपारी तीनच्या आतली गाडी किंवा विमान कुणालाही देऊ नका. आणि उशीर कळला की अर्ध्या तासाच्या आत प्रवाशांना कारण आणि नवी वेळ सांगा. धक्क्यावर सावली, संडास आणि खायला मिळेल अशी एक जागा आधीच ठरवून ठेवा. आरोग्याचा रकाना भरून घेता, तर तो जेवणाची वेळ सांगण्याआधी एकदा वाचा.

चौथी : अंधारात बोट चालवायला सांगणारा फोन तुमच्या ऑफिसातून पुन्हा कधीही जाणार नाही, असं लेखी कळवा. बोट कुठे बांधायची हेही स्रांक ठरवेल. ही मागणी इतर आयोजकांनाही आहे, कारण आमच्या शेजारी बांधलेल्या बोटीवरही एक मराठी गटच होता आणि त्यांच्याकडेही सूर्यास्तावरून हेच चाललं होतं.

पाचवी : लॉज, तत्काळचा फरक आणि रिक्षा मिळून आम्हा चौघांचे ६,८४० रुपये. पावत्यांच्या प्रती वेगळ्या पाठवल्या आहेत. ते मिळाले नाहीत तर ग्राहक आयोगाचा रस्ता मला माहीत आहे. तिथे जायची हौस नाही, पण निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

प्रवाशांनाही, म्हणजे आम्हालाही, एक सांगायचं आहे. डेकवर सूर्यास्तावरून आरडाओरडा करणाऱ्यांत आमचीही तोंडं होती. तुमच्या ऑफिसला तो फोन करावासा वाटला तो त्या ओरड्यामुळे. मी ओरडलो नाही, पण मी गप्पही राहिलो, आणि मग अंगठाही दिला. तो अंगठा मी काढून घेतला आहे.

महिनाअखेरपर्यंत लेखी उत्तराची वाट पाहतो.

कळावे,
आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक

ता. क. : चार कूपनं सोबत परत पाठवत आहे. त्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘हाउसबोट समाविष्ट असलेल्या सहलींस लागू नाही’ असं छापलं आहे, ते आईनं नव्यानं आलेला चष्मा लावून वाचून दाखवलं.